राग ओसरला म्हणजे तक्रार खोटी ठरते का?

समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसांकडून एक शंका मला वारंवार ऐकू येते. नोकरीत, भावकीत किंवा सासरी कधीकाळी झालेल्या अन्यायाबद्दलचा राग काळाबरोबर ओसरू लागतो, समोरच्याची बाजू थोडीथोडी दिसू लागते, आणि नेमकी त्याच वेळी मनात धाकधूक सुरू होते की, आता आपण मवाळ झालो तर तेव्हा उगाचच भांडलो असा त्याचा अर्थ होईल का. ही शंका माणसाला किती अडकवून ठेवते, हे एका माजी फुटबॉलपटूच्या निमित्ताने मला जवळून पाहायला मिळाले. त्यांच्या परवानगीने हा अनुभव लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि संघाचे नाव मुद्दामच घेतलेले नाही.

हे गृहस्थ खडकीचे. वय चाळिशीच्या पुढे, चाकणच्या एका कारखान्यात नोकरी. तरुणपणी ते बचावफळीत खेळत आणि पुण्याबाहेरच्या एका व्यावसायिक संघाशी त्यांचा करार होता. एका महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी घोटा सुजलेला असताना वेदनाशामक इंजेक्शन घेऊन मैदानात उतरण्याचा आग्रह त्यांना झाला. त्यांनी ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांदेखत नकार दिला, शब्दाने शब्द वाढला, आणि त्यानंतर उरलेल्या हंगामात त्यांना राखीव खेळाडूंमध्येही जागा मिळाली नाही. कराराचे एक वर्ष शिल्लक असताना ‘परस्पर संमतीने करार समाप्त’ असे लिहिलेल्या कागदावर त्यांची सही घेतली गेली आणि शेवटच्या दोन महिन्यांचा पगार कधी आलाच नाही.

ते माझ्याकडे आले ते जुन्या सहकाऱ्यांनी ठरवलेल्या स्नेहमेळाव्यामुळे. बालेवाडीजवळ सगळे भेटणार होते आणि त्या काळातले संघव्यवस्थापकही येणार होते. निरोप आल्यापासून त्यांची झोप उडाली होती. सोबत आलेल्या पत्नीने पहिल्याच भेटीत कळवळून म्हटले, “अहो, तो संघसुद्धा आता उरला नाही. तुम्ही भांडताय तरी कोणाशी?”

हा प्रश्न आपल्याकडच्या फुटबॉलला फार लागू पडतो. पुण्याचेच पाहा. 2007 मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला, 2014 मध्ये इंडियन सुपर लीगसोबत एफसी पुणे सिटी आला, तोही 2019 पर्यंतच टिकला, आणि आज यांपैकी एकही संघ मैदानात नाही. संघ बंद होतो तेव्हा खेळाडूच्या पूर्वीच्या तक्रारीचे उत्तर देणारे कोणी उरत नाही. शिवाय फिफाच्या नियमांप्रमाणे अशा वादात दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते; ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. बाहेरचे दरवाजे असे बंद झाले की खटला मनात चालू राहतो, आणि तिथे फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच माणूस असतो.

मी त्यांना एक साधे काम दिले. कागदावर तीन रकाने आखायचे: काय घडले, ते कोणी ठरवले, आणि त्यावरून मी काय अर्थ काढला. विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या उपचारपद्धतीत, घटना आणि घटनेबद्दलचे आपले निष्कर्ष वेगवेगळे पाहण्यावर भर असतो. महाराष्ट्रातले अनेक समुपदेशक या पद्धतीने काम करतात. या गृहस्थांनी कागद भरून आणला, पण मधल्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द होता: ‘मॅनेजमेंट’. इंजेक्शनचा आग्रह मॅनेजमेंटने केला, बाहेर मॅनेजमेंटने बसवले, कागद मॅनेजमेंटने पुढे केला, पगार मॅनेजमेंटने बुडवला. मी त्यांना म्हणाले, “मॅनेजमेंट बोलत नाही आणि सहीही करत नाही. प्रत्येक ओळीपुढे माणूस लिहा.”

हे काम वाटते तितके सोपे नसते. संघात कोण खेळणार हे मुख्य प्रशिक्षक ठरवतो, दुखापतीबद्दल डॉक्टर आणि फिजिओ मत देतात, करार आणि पैसा मालकाच्या हातात असतो, आणि संघव्यवस्थापक बहुतेक वेळा प्रवासाची तिकिटे, हॉटेल, खेळाडूंची नोंदणी आणि निरोप पोहोचवणे एवढेच पाहतो. खेळाडूला मात्र रोज समोर दिसतो तो व्यवस्थापकच. त्यामुळे वरचा प्रत्येक नकार त्याच्याच तोंडून ऐकू येतो आणि सगळा राग त्याच्याच चेहऱ्याला चिकटतो. या गृहस्थांच्या बाबतीत तर करार संपवण्याच्या कागदावर संघातर्फे सहीही व्यवस्थापकांचीच होती.

पुढच्या भेटीला ते जुन्या कागदांची प्लास्टिकची फाइल घेऊन आले. तो करारसमाप्तीचा कागद मला दाखवायचा म्हणून त्यांनी ती उघडली होती. त्याच फाइलमध्ये तळाशी, घोट्याची एमआरआय केली त्या दिवसाचा रुग्णालयाचा संमतिपत्राचा फॉर्म निघाला. ‘नातेवाईकाची सही’ या रकान्यात वळणदार मराठी अक्षरात एक सही होती आणि नात्याच्या जागी ‘संघ’ एवढाच शब्द लिहिलेला होता. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. सही एकाच माणसाची होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळूहळू आठवत गेले की, त्या दिवशी रुग्णालयात घेऊन जाणारे, रांगेत थांबणारे आणि रात्री खानावळ बंद झाल्यावर कुठून तरी जेवण आणून देणारे हेच व्यवस्थापक होते. अनेक वर्षे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतून हा दिवस पूर्ण गळून गेला होता. यात लबाडी नव्हती. आठवण प्रत्येक वेळी नव्याने जुळवली जाते आणि जे तपशील गोष्टीत बसत नाहीत ते मागे पडत जातात, हे मानसशास्त्रात बार्टलेट यांच्या 1932 मधल्या कामापासून मांडले गेले आहे.

त्या फॉर्ममुळे त्यांना हायसे वाटेल अशी माझी अपेक्षा होती, झाले उलटेच. ते घाबरले. “मॅडम, मग मी इतकी वर्षं चुकीचाच होतो का? घरच्यांना, मुलांना मी जे सांगत आलो, ते सगळं खोटं?”

इथे मी घाई करत नाही, कारण याच टप्प्यावर माणूस जुन्या रागाकडे परत पळतो. राग जड असतो, पण त्यात आपण बरोबर होतो याची खात्री असते. त्यांना मी विचारले की, संमतिपत्र सापडल्याने नेमके काय बदलले? दुखापतीवर इंजेक्शन घेऊन खेळायला नकार देणे आजही योग्यच होते, कारण वेदना दबली तरी ताणलेले अस्थिबंध तसेच राहतात आणि खेळाडू नकळत त्यांवर आणखी भार टाकतो. दोन महिन्यांचा पगार बुडवणे आजही अन्यायच आहे. व्यवस्थापकांबद्दलचा निष्कर्ष तेवढा ढासळला होता. आणि एक चौथी गोष्ट होती, जी त्यांनी स्वतःच खालच्या आवाजात सांगितली: त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये ते प्रशिक्षकांना बोलले नव्हते, पोरांसमोर आईवरून शिवी दिली होती ती व्यवस्थापकांना. या चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि एकीमुळे दुसरी खोडली जात नाही, हे पटायला पुढच्या काही भेटी गेल्या.

मदतीला आला तो त्यांचाच आवडता खेळाडू. रॉय कीन हे त्यांचे तरुणपणापासूनचे दैवत, आणि ‘सायपान’ हा शब्द ते स्वतःच्या भांडणासाठीही वापरत. 2002 च्या विश्वचषकाआधी आयर्लंडचा संघ सायपान बेटावर सरावाला थांबला होता. सरावाचे साहित्य उशिरा पोहोचले, मैदान टणक होते, आणि तयारीवर उघड टीका करणाऱ्या कर्णधार कीनचा मुख्य प्रशिक्षक मिक मॅकार्थी यांच्याशी सगळ्या संघासमोर खटका उडाला. कीनला स्पर्धा सुरू होण्याआधीच घरी पाठवण्यात आले. ही गोष्ट या गृहस्थांना तोंडपाठ होती, पण ते नेहमी इथेच थांबत. मी त्यांना पुढचे सांगायला लावले. आयरिश फुटबॉल संघटनेनेच नेमलेल्या जेनेसिस या सल्लागार संस्थेच्या अहवालाने त्याच वर्षी तयारीतल्या उणिवांवर बोट ठेवले. 2004 मध्ये कीन पुन्हा देशाकडून खेळला आणि 2013 मध्ये त्याच राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. मी विचारले, “तो परत गेला म्हणून सायपानचं मैदान मऊ होतं, असं कोणी म्हणेल का?” ते हसले आणि प्रथमच खुर्चीला पाठ टेकून बसले.

स्नेहमेळाव्याला जायचे की नाही, हे मी त्यांच्यावरच सोडले. समेट करणे आणि मत बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि मत बदलण्यासाठी समेट करावाच लागतो असे नाही. ते गेले. व्यवस्थापकांना बाजूला घेऊन शिवीबद्दल माफी मागितली आणि रुग्णालयातल्या दिवसाबद्दल आभार मानले. पगाराचा विषयही त्यांनी काढला, कारण तो सोडून दिला असता तर घरी येऊन पुन्हा झोप गेली असती. व्यवस्थापकांनी मान्य केले की तो कागद पुढे करायला त्यांना सांगण्यात आले होते, आणि तेव्हा विरोध करण्याची हिंमत आपल्याला झाली नाही. पैसे अर्थातच मिळणार नाहीत.

प्रशिक्षकांबद्दलचे त्यांचे मत मात्र बदललेले नाही. सुजलेला घोटा समोर दिसत असताना खेळण्याचा आग्रह त्यांनीच धरला होता, असे मधल्या रकान्यात आजही लिहिलेले आहे, आणि माझ्या मते ते तसेच राहायला हरकत नाही. मुलांना ही गोष्ट आता कशी सांगायची, यावर सध्या आम्ही बोलत आहोत. शिवीचा भाग थोरल्या मुलाला सांगावा असे त्यांना वाटते, पत्नीला अजून वाटत नाही.