पोस्टर नंतर, आधी वही घे

विद्यार्थी परिषदेला पहिल्यांदाच उभा राहतोयस, तर पोस्टरचा विचार तूर्त बाजूला ठेव. आधी नियम नीट वाच: अर्ज कधीपर्यंत भरायचा, खर्चाला मर्यादा आहे का, प्रचार कधी थांबवायचा. मुदत चुकली म्हणून चांगले उमेदवार बाद झालेले मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

मग एक वही घे आणि मधल्या सुट्टीत फिर. जवळच्या मित्रांची मतं मिळतीलच. खरा प्रश्न असतो तो मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्यांचा, नवीन आलेल्यांचा. त्यांना ‘मला मत दे’ म्हणू नकोस. ‘तुला इथे काय अडचण येते?’ एवढंच विचार आणि त्यांच्यासमोरच लिहून घे. मी उभी होते तेव्हा एका मुलीने सांगितलं, शेवटचा तास सुटेपर्यंत ग्रंथालय बंद झालेलं असतं. मी ग्रंथपालांना जाऊन भेटले. अर्धा तास वाढवायला ते तयार होते, आजवर कुणी विचारलंच नव्हतं! भाषणात मी मुख्यतः हेच सांगितलं, आणि सगळे कान देऊन ऐकत होते.

आश्वासनं दोन-तीनच दे, तीही परिषदेच्या हातातली. परीक्षा रद्द करणं तुझ्या हातात नाही, हे मुलांनाही कळतं.

भाषण २ मिनिटांत बसव आणि आधी एखाद्या स्पष्टवक्त्या मैत्रिणीला ऐकव. प्रतिस्पर्ध्याबद्दल वावगं बोलू नकोस, निकालानंतरही एकाच वर्गात बसायचंय. मतदानाच्या दिवशी सकाळीच आपल्या लोकांना वेळेची आठवण कर; ‘नक्की देतो’ म्हणणारेही विसरतात.