मालवणचे मासे

आचऱ्याच्या एका बागायतदार ताईंचं पत्र आलंय. जादा व्याजाच्या एका योजनेत त्यांनी 12 लाख ठेवले. महिना 4 टक्के, असे 40 महिने. 19 लाख 20 हजार व्याज हातात पडलं, मुद्दलही काढून घेतलं, आणि चार महिन्यांत योजनेच्या ऑफिसला कुलूप लागलं. त्या लिहितात, "आम्ही कुणाला फसवलेलं नाही. कर भरलाय. नफा बँकेत ठेव म्हणून आहे. वकील म्हणतात, कुणी मागितलेलं नाही तर गप्प राहा. तरी परत करायला हवेत का? बंदरावरच्या बायकांचेही पैसे अडकलेत म्हणे. मला झोप लागत नाही. मासे आणायला मालवणला जाते, तेवढंच काय ते बाहेर पडणं."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या माशांपाशी अडले. आचऱ्याला रापण ओढतात. फडफडते बांगडे दाराशी येतात. आणि तुम्ही गाडी काढून मालवणला जाता? इतकी वर्षं जिच्या पाटीतले मासे घेतलेत, तिच्यासमोर आता उभं राहवत नाही, म्हणून जाता. 'बायकांचेही पैसे अडकलेत म्हणे' यातलं 'म्हणे' आधी खोडा. कुणाचे किती अडकलेत, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

त्या योजनेत कसला धंदा नव्हता, कारखाना नव्हता. मग महिन्याला तुमच्या खात्यात येणारे 48 हजार कुठून येत होते? नंतर आलेल्यांच्या ठेवीतून. 1920 साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचं आमिष दाखवलं, तेव्हाही हेच चाललं होतं. मासे विकून गाठीला बांधलेले पैसे त्या बायकांनी दिले आणि ते तुमचं व्याज झाले. एजंट त्यांच्याकडे गेला तेव्हा भरवसा पटवायला त्याने गावातल्या कुणाचं नाव घेतलं असेल? मोठी बाग असलेल्यांचंच ना?

तुम्ही फसवलं नाहीत, हे मला मान्य आहे. पण निर्दोष असणं आणि पैसे परत करणं यांत भांडण कुठे आहे? अमेरिकेत बर्नार्ड मेडॉफचा असाच घोटाळा 2008 च्या डिसेंबरात फुटला. त्यातून सर्वांत जास्त पैसे काढलेल्या जेफ्री पिकॉवरच्या विधवेने 2010 मध्ये 720 कोटी डॉलर परत करायचं कबूल केलं. आपला नवरा कटात नव्हता, असं ठामपणे सांगून केलं. वसुलीचा दावा मागे लागलेला होता, हेही खरं. तुमच्यामागे अजून कुणी लागलेलं नाही. तेवढ्यात करा.

मुद्दल तुमच्या घामाचं, त्याला हात लावू नका. 19 लाख 20 हजार मात्र द्यायचे. परस्पर चार ओळखीच्यांना वाटू नका, ज्यांचा आवाज लहान ते राहून जातील. ठेवीदारांसाठी आपल्या राज्यात 1999 चा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात तो. गुन्हा नोंदला गेला की त्याखाली सरकार सक्षम प्राधिकारी नेमतं. तो उपजिल्हाधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी असतो, आणि वाटप विशेष न्यायालयाच्या हुकमाने होतं. गुन्हा नोंदला नसेल तर तक्रार द्यायला त्या बायकांबरोबर तुम्हीच पोलीस ठाण्यात जा. वकिलांना आता एवढंच विचारा की ही रक्कम तिथे जमा कशी करायची. बँकेचे उतारे जोडा, पोच घ्या. भरलेल्या कराचं काय ते तुमचे सीए बघतील, त्यासाठी थांबू नका.

यजमान नको म्हणतील. त्यांना एक दिवस बंदरावर घेऊन जा. आणि अर्ज द्यायच्या आधी, उद्याच सकाळी, पिशवी घेऊन त्या मासेवालीकडे जा. किती गेले ते तिला विचारा, तुम्हाला किती मिळाले ते तिला सांगा. ती बोलेल, कदाचित शिव्याही देईल. ऐकून घ्या. मग बांगडे घ्या आणि घरी या.