दरीतला धूर आणि ॲपमधला आकडा

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगतच्या गावात शिक्षिका आहे. हिवाळ्यात सकाळी शाळा भरते तेव्हा दरीत धूर तरंगत असतो आणि मुले खोकत वर्गात येतात. मोबाईलवरचे ॲप मात्र हवा ‘समाधानकारक’ दाखवते. शाळेत हवेतला धूर मोजणारे स्वस्तातले यंत्र बसवून काही उपयोग होईल का?

उत्तर : बाई, आपण ॲपपेक्षा मुलांच्या खोकल्यावर विश्वास ठेवलात, हे योग्यच केलेत. जिथे मोजणी केंद्र नसते तिथला आकडा बहुधा उपग्रहाची निरीक्षणे आणि संगणकीय गणित यांवरून बांधलेला अंदाज असतो, आणि एका दरीत तासभर कोंडलेला चुलीचा धूर त्यात सहज निसटतो. थंडीच्या रात्री जड हवा तळाशी बसते व वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते; ऊन चढले की हे झाकण उठते. म्हणून दिवसाची सरासरी बरी दिसली, तरी नेमकी शाळेच्या वेळची हवा वाईट असू शकते.

यंत्र अवश्य बसवा. हवेतल्या बारीक कणांवरून विखुरणाऱ्या लेझरच्या प्रकाशावरून ते कणांचे प्रमाण मोजते. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात व आकडाही फुगतो, त्यामुळे धुक्याच्या दिवसांची वेगळी खूण करा. आधी पंधरा दिवस ते नाशिकमधल्या एखाद्या अधिकृत केंद्राशेजारी ठेवून फरक पाहता आला तर फारच उत्तम. शाळेत ते पोषण आहाराच्या चुलीपासून दूर, तीनेक मीटर उंचीवर, मोकळ्या वाऱ्यात असावे. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण; त्यांच्यासाठी आपल्याकडचे २४ तासांचे मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे.

यंत्राइतकीच महत्त्वाची आपली हजेरीवही. तारीख, सकाळचा आकडा, कोण खोकत होते, कोण गैरहजर, त्या दिवशी राब (रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजला होता का किंवा वणवा लागला होता का, एवढे एका ओळीत लिहीत जा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना अशी वही नुसत्या तक्रारीपेक्षा अधिक उपयोगी पडते. शक्य असल्यास एखाद्या घरी चुलीजवळही काही दिवस यंत्र ठेवून पाहा, कारण पाठीशी बाळ बांधून फुंकणीने जाळ धरणाऱ्या आईच्या नाकाशी जो धूर असतो, तो शाळेच्या छतावरून मोजला जात नाही.

ज्या मुलाच्या छातीत घरघर ऐकू येते, त्याला मात्र नोंदी पुऱ्या होण्याची वाट न पाहता आजच डॉक्टरांकडे न्यायला त्याच्या घरच्यांना सांगा.