गणपतीला मुंबईहून आलेल्या बाटल्या

तब्येतीची विचारपूस: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गणपती झाले की आमच्याकडे एका ठरावीक प्रकारची पत्रं येऊ लागतात. चाकरमानी मुलं-सुना घरच्यांसाठी प्रेमाने गोळ्या-पावडरींच्या बाटल्या आणतात, गौरी-गणपती उरकून परतीच्या गाडीला बसतात, आणि बाटल्या फडताळात राहतात. त्या कुणी घ्यायच्या, किती घ्यायच्या, आधीच्या औषधांबरोबर चालतात का, हे विचारायचं राहूनच जातं. या वेळची सहा पत्रं अशीच आहेत.

प्रश्न: माझं वय ५८. गुडघे दुखतात. एका व्हिडिओत सांगितलं की पावसाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून व्हिटॅमिन डीची ६०,०००ची गोळी घ्या. मी रोज एक अशी वीस दिवस घेतली. आता पोट साफ होत नाही, मळमळतं, सारखी तहान लागते. उष्णता झाली असेल का?
(एक वाचक भगिनी, राजापूर तालुका)

उत्तर: ताई, ही उष्णता समजून सब्जा पीत बसू नका. गोळी आजच बंद करा. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही थांबवा आणि उद्याच डॉक्टरांना गाठा. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारा आकडा) आणि २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी या तीन तपासण्या करायला सांगा. फार ग्लानी आली, बोलण्यात घोळ होऊ लागला किंवा उलट्या थांबेनात, तर उद्याची वाट न बघता थेट दवाखान्यात जा.

६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही साधारण आठ आठवडे आणि कमतरता असेल तरच. पुढे बहुतेकांना महिन्याला एक पुरते. आठ आठवड्यांच्या पूर्ण कोर्सचे ४ लाख ८० हजार युनिट होतात. तुमच्या पोटात वीस दिवसांत १२ लाख गेले. हे जीवनसत्त्व पाण्यात नव्हे, चरबीत विरघळतं. त्यामुळे जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं आणि गोळी थांबवल्यावरही कित्येक आठवडे रेंगाळतं. त्याच्यामुळे आतडी कॅल्शियम जास्त शोषतात, रक्तात कॅल्शियम चढतं, आणि मग बद्धकोष्ठ, मळमळ, तहान, सारखी लघवी, अशक्तपणा हे सगळं ओळीने येतं. असंच चालू राहिलं तर मूत्रपिंडाला इजा होते.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचं पाकीटही सोबत न्या. त्यावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे नाव असेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, कारण ही औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवून धरतात. पावसात ऊन कमी मिळतं हे त्या व्हिडिओतलं म्हणणं खरंच आहे. पण तुमच्या रक्तात मुळात डी किती आहे, हे व्हिडिओ करणाऱ्याला कुठून कळणार?

प्रश्न: मला थायरॉइड आहे, ७५ची गोळी चालू आहे. केस फार गळतात म्हणून ऑनलाइन मागवलेल्या बायोटिनच्या गोळ्या दोन महिने घेते आहे. परवाच्या रिपोर्टमध्ये टीएसएच एकदम खाली आणि टी४ वर आलं. थायरॉइडची गोळी कमी करू का?
(वय ३४, चिपळूण)

उत्तर: अजून काही कमी करू नका. आधी बाटली हातात घ्या आणि बायोटिनचा आकडा वाचा. केसांच्या गोळ्यांत तो बहुतेक ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असतो. मोठ्या माणसाची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमची. म्हणजे १०,०००ची एक गोळी गरजेच्या निदान अडीचशे पट.

एवढं बायोटिन बहुतेकांना अपाय करत नाही, पण ते तपासणी बिघडवतं. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांत हार्मोन पकडण्यासाठी बायोटिनचाच ‘हूक’ वापरलेला असतो. तुमच्या रक्तात गोळीचं बायोटिन भरपूर असलं की यंत्रातल्या हूक अडकवायच्या जागा तेच आधी अडवून बसतं. या पद्धतीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) असतं त्यापेक्षा कमी दिसतं, आणि टी३-टी४ची (थायरॉइडच्या स्वतःच्या हार्मोनची) मोजणी उलट्या तऱ्हेने होत असल्याने ती जास्त दिसतात. कागद वाचणाऱ्याला वाटतं, थायरॉइडची गोळी जास्त होते आहे. ती कमी केली जाते आणि खरा थायरॉइड खाली जातो. थायरॉइड कमी पडला की केस आणखी गळतात, आणि बाई बायोटिन वाढवते.

म्हणून बायोटिन बंद करा, निदान दोन पूर्ण दिवस जाऊ द्या आणि त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करा. प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना ‘मी बायोटिन घेत होते’ हे स्पष्ट सांगा. गोळीच्या मात्रेचा निर्णय त्या दुसऱ्या रिपोर्टवर होऊ दे. हाच गोंधळ ट्रोपोनिनच्या तपासणीतही होतो. हार्ट अटॅक ओळखायची ती तपासणी बायोटिनमुळे खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल २०१७मध्ये जाहीर इशारा दिला आणि २०१९मध्ये पुन्हा दिला.

आता केसांचं. बायोटिनची कमतरता फार क्वचित असते. केस गळण्याची नेहमीची कारणं वेगळी: थायरॉइड ताब्यात नसणं, लोह कमी असणं, बाळंतपणानंतरचे महिने, किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला डेंग्यूसारखा मोठा ताप. तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासा. लोहाची गोळी सुरू झालीच तर थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या, आणि लोह किंवा कॅल्शियम तिच्यानंतर निदान चार तासांनी. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको.

प्रश्न: आमच्या वाडीत नारळ आहेत. ‘रोज दोन शहाळी प्या, किडनी धुऊन निघते’ असं ऐकून वडील महिनाभर पीत आहेत. वय ६७, मधुमेह, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. क्रिएटिनिन १.९ आहे. शिवाय घरात कमी सोडियमचं मीठ आणलंय. ठीक ना?
(श्रीवर्धन)

उत्तर: ठीक नाही. शहाळी आणि ते मीठ, दोन्ही आजपासून बंद करा. दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. छातीत धडधड, फार अशक्तपणा किंवा चक्कर असेल तर दोन दिवसही थांबू नका, लगेच न्या आणि ईसीजी काढायला सांगा.

शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मध्यम शहाळ्यात ३०० मिलीच्या आसपास पाणी धरलं तर दोन शहाळ्यांचं हजार-दीड हजार मिलिग्रॅम होतं, आणि जेवणातलं त्यावर वेगळं. निरोगी मूत्रपिंड हे सहज बाहेर टाकतं. तुमच्या वडिलांचं मूत्रपिंड थकलेलं आहे. त्यात टेल्मिसार्टन पोटॅशियम बाहेर जाणं कमी करतं. लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांचंही तेच. आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइडच घातलेलं असतं. तीन बाजूंनी एकच भार चढतो आहे. पोटॅशियम ५.५च्या पुढे सरकलं की काळजी, ६च्या वर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. घात असा, की बरेचदा तोवर माणसाला काहीच जाणवत नाही.

टेल्मिसार्टन मात्र स्वतःहून बंद करू नका. ते मूत्रपिंडासाठीच दिलेलं असू शकतं.

तपासणीचीही एक खुबी आहे. वाडीवर रक्त घेऊन नळी तालुक्याला पोचायला तीन-चार तास लागले, किंवा वाटेत ती जोरात हिंदकळली, तर रक्तपेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटाच वर येतो. म्हणून ही एक तपासणी प्रयोगशाळेत जाऊन, तिथेच रक्त देऊन करा.

ज्याचं मूत्रपिंड उत्तम आहे आणि अशी औषधं नाहीत, त्याने उन्हात वाडीतलं काम करून एक शहाळं प्यायलं तर त्यासारखं पेय नाही. मात्र कुणाचंच मूत्रपिंड शहाळ्याने ‘धुऊन’ निघत नाही.

प्रश्न: वजन कमी करणाऱ्या एका कॅप्सूलवर ‘गार्सिनिया’ लिहिलंय. विकणारा म्हणतो, हे तुमचं कोकमच. मग निर्धास्त घ्यावं का?
(वेंगुर्ला)

उत्तर: कुळ एक, झाड वेगळं. आपला रातांबा म्हणजे गार्सिनिया इंडिका. कॅप्सूलमध्ये बहुतेक गार्सिनिया कंबोजिया असतं, ज्याची वाळवलेली आंबट साल केरळात माशाच्या कालवणात घालतात. दोन्हींत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आहे. पण सोलकढीला चार-पाच आमसुलं भिजवणं वेगळं, आणि त्या आम्लाचा अर्क काढून, दाट करून, दिवसाला दीड-दोन ग्रॅम महिनोन्महिने गिळणं वेगळं. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभरातून आहेत, काही रुग्णांवर यकृत बदलायची वेळ आली. वजनावरचा फायदा मात्र नगण्य.

कॅप्सूल सुरू केलीच असेल आणि लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा जेवणावरची वासना गेली, तर थांबवा आणि यकृताची तपासणी करा. कोकम स्वयंपाकातच राहू दे. तिथेही रक्तदाबवाल्यांनी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) जपून घ्यावं, त्यात मीठ मुबलक असतं. अमृत कोकम साखरेत मुरवलेलं असतं, ते मधुमेहींचं पेय नव्हे.

प्रश्न: हृदयासाठी फिश ऑइलची १,००० मिलिग्रॅमची कॅप्सूल घ्यावी का? घरी मासे आठवड्यातून तीनदा असतात.
(मालवण)

उत्तर: गरज दिसत नाही. १,००० हा तेलाचा आकडा. पाठीमागची बारीक अक्षरं वाचा: साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे उपयोगाचं ओमेगा-३ फक्त ३०० मिलिग्रॅम. बांगडा, तारले, पेडवे हे तेलकट मासे आठवड्यातून दोनदा ताटात आले की पुरे. रव्यात घोळून तळण्याऐवजी तिखलं किंवा सार करा. बंदीच्या महिन्यांत खाऱ्या बांगड्यावर भर देऊ नका, त्यातलं मीठ रक्तदाब वाढवतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

प्रश्न: एका अ‍ॅपवर वीस प्रश्नांची उत्तरं दिली की ‘खास तुमच्यासाठी’ गोळ्यांची पाकिटं घरी येतात. डॉक्टर तर सगळ्यांना सारखंच औषध देतात. मग अ‍ॅप जास्त वैयक्तिक नाही का?
(रत्नागिरी)

उत्तर: अ‍ॅप झोप, ताण, केस, थकवा विचारतं. उत्तर काहीही दिलं तरी पाकीट येतंच, ‘तुम्हाला काहीही नको’ असं ते सहसा सांगत नाही. पाकिटावर नाव छापलं म्हणून औषध तुमचं होत नाही.

खरी वैयक्तिक काळजी कशी असते ते बघा. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्याच्या पायाला मुंग्या येतात. सगळे म्हणतात, साखरेमुळे. पण मेटफॉर्मिनने बी१२चं शोषण घटतं, आणि तपासणीत ते कमी निघालं तर त्या माणसाला बी१२ द्यावंच लागतं. त्याला नुसतं फॉलिक आम्ल दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा बिघडतच राहतात. दुसरं: व्हायव्हॅक्स मलेरियात १४ दिवस प्रायमाक्विन देतात. ज्याच्यात जन्मतः जी६पीडी हे एन्झाइम कमी आहे, त्याच्या तांबड्या पेशी त्याच औषधाने फुटतात. त्वचा उजळायला शिरेतून देतात त्या व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेनेही त्याचं तेच होतं. वीस प्रश्नांत जी६पीडी कुठे असतं?

तुम्ही एवढं करा. घरातल्या सगळ्या बाटल्या, पाकिटं, पावडरी एका पिशवीत भरा. कागदावर प्रत्येकीचं नाव, मात्रा, घ्यायची वेळ आणि कधीपासून, हे लिहा. सोबत गेल्या सहा महिन्यांचे रिपोर्ट. ती पिशवी आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. एकच व्हिटॅमिन डी तीन बाटल्यांत निघणं नेहमीचं आहे. जाणं जमत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर फोनवरून डॉक्टरांशी बोलता येतं, कागद समोर ठेवून बोला. गोळीने त्रास झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा, औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद तिथे होते.

आणि परड्यातल्या आंब्यावर चढलेल्या गुळवेलीचा काढा रोज घेत असाल, तर तिचं पानासकट एक कांडं त्याच पिशवीत टाका. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. तुमच्या घरात नक्की कोणती वेल उकळते आहे, ते कांडं बघूनच सांगता येईल.