ऑपरेशननंतर कॅन्सर परत येईल का? कॅल्क्युलेटरच्या आकड्याबद्दल तुमचे प्रश्न

पॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) हातात आला की लोक तो मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये भरतात आणि जो टक्का येतो त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवतात. गोंधळ सगळ्यांचा तोच, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न: कॅन्सर पुढे कुठे पसरेल, लिव्हरमध्ये की हाडांत, हे मॉडेल (कॅल्क्युलेटरमागचं गणित) सांगतं का?

नाही. बहुतेक मॉडेल्स परत येण्याची किंवा जगण्याची शक्यता सांगतात, जागा नाही.

प्रश्न: बहिणीचं ब्रेस्टचं ऑपरेशन झालं, १० वर्षांचा आकडा ८५ टक्के आला. म्हणजे १५ टक्के कॅन्सर अंगात शिल्लक आहे का?

नाही हो. तिच्यासारखंच वय, गाठीचा आकार, ग्रेड (पेशी मायक्रोस्कोपखाली किती बिघडलेल्या दिसतात) आणि काखेतले नोड्स (लसिका गाठी) असलेल्या १०० बायका घेतल्या तर त्यातल्या साधारण ८५ जणी १० वर्षांनी हयात असतील, एवढाच अर्थ. तुमची बहीण त्यातली कोणती, हे मॉडेलला कळत नाही.

प्रश्न: एका साइटवर धोका कमी आला, दुसरीकडे खूप जास्त. खरं कुठलं?

आधी काय भरलंत ते बघा. ब्रेस्टसाठी नॉटिंगहॅम इंडेक्स म्हणून एक जुनं, साधं सूत्र आहे, ते कागदावरही करता येतं: गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये गुणिले ०.२, त्यात ग्रेडचे १ ते ३ आणि नोड्सचे १ ते ३ मिळवायचे. गाठ २२ मिलिमीटर, ग्रेड २, नोड्स क्लीन (त्यांत कॅन्सर नाही, म्हणून १) असतील तर २.२ धरून ३.४४ येतात. पण रिपोर्टमधला २२ तसाच टाकला तर ७.४, आणि ५.४ च्या वर सगळ्यात वाईट गट! एका दशांश चिन्हापायी घरात रडारड. शिवाय ऑपरेशनच्या आधीच केमो झाली असेल तर यातली बरीच मॉडेल्स लागूच होत नाहीत. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि तिथेच भरा.

प्रश्न: आईचं आतड्याचं ऑपरेशन झालं, कॅल्क्युलेटरचा आकडा चांगला आहे. ओळखीतले म्हणतात केमो नंतर बघू, आधी अंगात ताकद येऊ दे. चालेल का?

मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तो चांगला आकडा कुठल्या ओळीतला आहे ते बघितलंत का? बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये नुसतं ऑपरेशन केलं तर इतके आणि पुढची ट्रीटमेंट घेतली तर इतके असे वेगवेगळे आकडे असतात, लोक नेमका ट्रीटमेंटवाला आकडा बघून खूश होतात आणि मग ट्रीटमेंटच घेत नाहीत. तो आकडा मग तुमचा राहत नाही. दुसरं म्हणजे वेळ. आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमो द्यायची ठरली तर ती ऑपरेशननंतर साधारण ६ ते ८ आठवड्यांत सुरू करायचा प्रयत्न असतो, कारण जास्त उशीर झाला की तिचा फायदा कमी होत जातो, आणि ओळखीतल्या कुणाच्या सांगण्यावरून तीन महिने गेले तर ते परत आणता येत नाहीत. जखम भरली नसेल, जेवण जात नसेल, तर थांबायचं कारण खरंच असू शकतं, पण ते ऑन्कॉलॉजिस्टने (कॅन्सरच्या डॉक्टरने) तपासून सांगायचं. आणि रिपोर्टमध्ये किती नोड्स तपासले तेही वाचा. आतड्यासाठी निदान १२ तरी तपासलेले असावेत असा नियम आहे. ५ तपासून पाचही क्लीन असतील तर मॉडेल 'नोड्स निगेटिव्ह' धरून गोड आकडा देईल, पण उरलेल्यांचं काय? याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या.

प्रश्न: एका लॅबने एआय रिपोर्ट सुचवलाय, ९५ टक्के अचूक म्हणे. करावा का?

समजा १०० पेशंटपैकी ५ जणांचाच कॅन्सर परत येणार आहे. 'कुणाचाच येणार नाही' असं डोळे मिटून सांगणारं मशीनही ९५ टक्के अचूक ठरतं! एवढ्यावर पैसे मागणाऱ्यांचा मला राग येतो. विचारायचं हे: ज्या पेशंटवर मॉडेल बनवलं त्यांच्याशिवाय दुसऱ्या हॉस्पिटलच्या पेशंटवर तपासलं का, आणि निकाल आल्यावर आपली ट्रीटमेंट बदलणार आहे का? अशा चाचण्या असतात. ब्रेस्टची २१ जीन्सची टेस्ट मोठ्या ट्रायलमध्ये तपासली गेली, २०१८ मध्ये निकाल आले, आणि हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी गाठ), हर-टू निगेटिव्ह (हर-टू नावाचं प्रोटीन जास्त नसलेली), नोड्स क्लीन अशा बऱ्याच बायकांची केमो त्यामुळे टळते. पण कुणाला लागू, हे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न: स्कॅन पूर्ण क्लीन आहे, तरी मॉडेल धोका दाखवतं. मग ब्रेस्टच्या ऑपरेशननंतर हार्मोनच्या गोळ्या कशाला?

१ मिलिमीटरच्या ठिपक्यातही लाखो पेशी मावतात आणि तो स्कॅनवर सहसा दिसत नाही. तो १ सेंटिमीटरचा व्हायला साधारण १० वेळा दुप्पट व्हावा लागतो, याला कधी कधी वर्षं लागतात. गोळ्या त्याच न दिसणाऱ्या पेशींसाठी असतात. त्रास होत असेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा, बऱ्याचदा गोळी बदलून देता येते.