सुरुवात व्याख्यांपासून नको
नेहमीच्या वर्गांतल्या शिक्षकांना अपंग मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण पहिल्यांदाच देणार असाल, तर अपंगत्वाच्या प्रकारांची यादी आधी वाचून दाखवू नका. शिक्षक धास्तावतात आणि 'हे तज्ज्ञांचं काम' म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा त्यांना आपल्याच वर्गातलं एक मूल डोळ्यांसमोर आणायला सांगा, नाव न घेता. फळ्यावरचं उतरवताना ते नेमकं कुठे अडतं? ओळ हरवते, अक्षर आठवत नाही, की हात दुखतो? तिन्हींवरचे उपाय वेगळे. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात येणारी अडचण) असलेल्या मुलाला प्रश्न वाचून दाखवला, की अनेकदा ते तोंडी उत्तर नीट देतं. हे शिक्षकांनी स्वतः करून पाहायलाच हवं. निदान मात्र त्यांनी करायचं नाही, फक्त नोंदी ठेवायच्या. आणि कृपा करून एका कार्यशाळेवर थांबू नका; महिन्याभराने त्यांच्या वर्गात जाऊन बसा.