ठाण्यात हीलिंग सर्कल घ्यायला शिकायचं तर सुरुवात कुठून करावी?

दोन दिवसांचा कोर्स झालाय, प्रमाणपत्र मिळालंय, आता सोसायटीच्या हॉलमध्ये सर्कल, म्हणजे गोल बसून मन हलकं करायची बैठक, सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर इतक्यात नको. आधी वर्षभर एखाद्या जाणत्या व्यक्तीच्या हाताखाली सतरंज्या घाला, दारापाशी बसा, लोकांकडे बघायला शिका.

मंत्र, सिंगिंग बाऊल (घुमणारा नाद देणारी धातूची वाटी) लवकर जमतात. वेळ लागतो तो गप्प बसायला. नौपाड्यात मी मदतनीस असताना एक ताई हमसून हमसून रडू लागल्या. मी धावत जाऊन मिठी मारली, तर त्यांचे खांदे एकदम ताठ झाले आणि रडणं जागच्या जागी थांबलं. तेव्हापासून मी आधी विचारते, ‘जवळ बसू का?’ मान हलली तरच हात पुढे करते. कधीही उठून जाता येईल आणि इथलं बोलणं इथेच राहील, हेही सुरुवातीलाच सांगते.

जोरजोरात श्वास घ्यायचे प्रकार असतील तर गरोदरपण, फिट्स, हृदयविकार, मानसिक आजार यांची एकेकाला बाजूला घेऊन चौकशी करा. गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. आजार बरा करते असा दावा तर मुळीच नको. चमत्काराच्या नावाखाली फसवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, तो तिथेच बसून लावून द्या.